बिनचूक कामाचा अभिमान आणि विश्रांतीचा हक्क

जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतील पाळी सुटते, कामगार घराकडे वळतात. परंतु अनेक कुशल कारागिरांच्या मनातील पाळी सुटत नाही. माप बरोबर आले होते ना, गेज पुन्हा एकदा लावून पाहायला हवे होते काय, हे प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत आणि अंथरुणापर्यंत पाठलाग करतात. रविवारी मुले ग्वारीघाटावर नर्मदेत डुंबत असतात आणि बाप काठावर बसून सोमवारच्या तपासणीचा विचार करीत असतो. हा केवळ एकेकाचा स्वभावदोष आहे, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही.

एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. १९०४ पासून तोफांचे गाडे घडविणाऱ्या या कारखान्यात, किंवा दारूगोळा तयार करणाऱ्या खमरियाच्या कारखान्यात, बिनचूकपणा ही चैन नव्हे. खमरियात २२ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. अशा ठिकाणी ‘चालून जाईल’ ही वृत्ती जीवघेणी असते. आपल्या हातच्या कामाचा अभिमान हा कामगार वर्गाचा मोलाचा ठेवा आहे.

परंतु निर्दोष वस्तू एका माणसाच्या जागरणातून निर्माण होत नाही. तिला चांगला माल, दुरुस्त यंत्र, पुरेसा वेळ, दुसऱ्या हाताची पडताळणी आणि स्वतंत्र तपासणी लागते. ‘धनुष’ तोफेसाठी जर्मन म्हणून चिनी बनावटीची बेअरिंग्ज पुरविल्याच्या आरोपावरून सीबीआयने २०१७ साली गुन्हा नोंदविला. असा माल दारातून आत आला, तर फिटरने रात्रभर केलेली तळमळ कोणता दोष दूर करणार? उलट अपुऱ्या झोपेने जड झालेले डोळे दुसऱ्या दिवशी नवी चूक करतात. शिवाय प्रत्येक नकाशावर मापासोबत टॉलरन्स लिहिलेला असतो. इतके कमी, इतके जास्त चालेल, हे यंत्रशास्त्रानेच मान्य केले आहे. लोखंडाला ही मुभा देणारा कारागीर स्वतःला मात्र ती तसूभरही देत नाही.

असे का घडते? १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. ऑर्डर मिळेल की नाही, लक्ष्य गाठले जाईल की नाही, याची चिंता तेव्हापासून थेट कामगाराच्या यंत्रापाशी येऊन बसली. शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार तर कंत्राटाच्या नूतनीकरणाच्या भीतीखाली राबतो. दोषाचे खापर नेहमी खालीच फुटते, हे अनुभवाने कळल्यावर माणूस स्वतःच स्वतःचा मुकादम बनतो, आणि या मुकादमाला पाळी नसते. जादा कामाला दुप्पट मजुरी देण्याचे बंधन कायद्याने घातले. घरी नेलेल्या चिंतेचा मोबदला मात्र कोणीच देत नाही. एवढ्यानेही उद्योगपतींचे समाधान नाही. २०२३ साली नारायण मूर्तींनी तरुणांकडून आठवड्याला ७० तासांची अपेक्षा केली. २०२५ साली एल अँड टीच्या अध्यक्षांची भाषा ९० तासांवर गेली.

विश्रांती ही कोणाची कृपा नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना आठ तासांच्या दिवसाचा पाया घातला गेला. उरलेले तास वाचनासाठी, मुलाबाळांसाठी, संघटनेसाठी आणि निव्वळ आळसासाठीही जिंकलेले आहेत. ते काळजीत जाळणे म्हणजे लढून मिळविलेले परत देऊन टाकणे होय.

येथे चळवळीनेही आत्मपरीक्षण करावे. १९३५ साली एका पाळीत १०२ टन कोळसा काढणाऱ्या स्ताखानोवचा गौरव करताना, त्या विक्रमामागे कोळसा काढणारा एक आणि आधार ठोकणारे दुसरे अशी श्रमविभागणी होती, याचा अनेकांना विसर पडला. पत्रकातील स्वल्पविरामासाठी पहाटेपर्यंत जागणाऱ्या कार्यकर्त्याची आपण स्तुती करतो. घरी कधी जेवलास, असे मात्र विचारीत नाही.

म्हणून केवळ ‘मन मोकळे ठेवा’ असा उपदेश पुरेसा नाही. शंका डोक्यात घेऊन घरी जाण्याऐवजी पाळी बदलताना ती नोंदवहीत लिहावी आणि पुढच्या पाळीने व तपासनिसाने तिची जबाबदारी घ्यावी, ही पद्धत युनियनने आग्रहाने रुजविली पाहिजे. चूक कबूल करणाऱ्याला आधी शिक्षा न देता कारण शोधले जावे, यासाठी सुरक्षा समितीत झगडले पाहिजे. आणि प्रत्येक साथीनेही स्वतःला बजावावे की, भोंगा वाजेपर्यंत काम आपल्या हाती होते. आता ते दुसऱ्या साथीच्या हाती आहे. त्याच्यावर विश्वास टाकून निश्चिंत झोपणे हाही वर्गीय एकजुटीचाच भाग आहे.