बूट कुणाच्या बजेटात?

पोलिओमुळे माझा डावा पाय दीड इंच आखूड, पाऊलही एक नंबर लहान. प्रेस शॉपमध्ये सेफ्टी बूट सक्तीचे, आणि ते योग्यच. पण आत जाड इनसोल घातला की टाच वर येते, बोटं पोलादी टोपीला घासतात. ‘चांभाराकडून तळ वाढवून घ्या,’ सुपरवायझर सहज सांगतात. तो चिकटवलेला थर तेलकट फरशीवर सुटला तर? हे काम बूट बनवणाऱ्यानेच, पुन्हा चाचणी घेऊन करावं आणि पैसे कंपनीने द्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांवर अशा वाजवी सोयीची सक्ती केली. खासगी कारखान्यांवरही ती हवी. आमच्याकडे रॅम्प झाला, फोटो निघाले. वेगळ्या मापाचा एक बूट मागितला, तर स्टोअरवाला म्हणतो, ‘दोन जोड्या घ्या, दुसरी पगारातून कापू.’