‘ड’ची पुडी रोज नको

कंबर-मांड्या ठणकतात, उकिडवे बसले की हात टेकल्याशिवाय उठवत नाही, अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलात की हल्ली बहुधा ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी हातात पडते. आम्ही तर दिवसभर उन्हात, आम्हाला कसली कमी, असे तुम्ही म्हणाल. ते निम्मेच खरे. तिरुपतीच्या परिसरातील पाहणीत खेड्यातली माणसे शहरवाल्यांपेक्षा सरस निघाली, तरी त्यांतल्याही पुष्कळांत कमतरता होतीच. ऊन अंगाला लागले पाहिजे ना! खुरपणीला बसलेली बाई डोक्याला रुमाल, लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, अशी झाकलेली असते. तलाठी भाऊसाहेब (आताचे ग्राम महसूल अधिकारी) तर कचेरीतच. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा इथे काडीचा उपयोग नाही.

कोवळ्या उन्हाचाही आपल्याकडे फार बोलबाला. पण सूर्य वर चढल्याशिवाय कातडीत हे जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की ती वेळ आली समजा. वैशाखात ती साडेनऊच्या सुमारासच येते, तेव्हा भर दुपारी उघडे बसून उष्माघात ओढवून घेऊ नका. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो. खाण्यातून मिळते ते थोडेच. मासे, अंड्याचा पिवळा बलक. साध्या दुधात चुना आहे, ‘ड’ नावापुरते.

आता पुडीचे. तिच्यात 60,000 युनिट असतात. प्रौढ माणसाची रोजची गरज 600 युनिट, म्हणजे एक पुडी शंभर दिवसांची झाली! म्हणूनच डॉक्टर ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच देतात. पण ‘ताकदीची पुडी’ म्हणून कोणी ती रोज दुधातून घेतो, कोणी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने चालू ठेवतो. जास्तीचे ‘ड’ लघवीवाटे निघून जात नाही, अंगातल्या चरबीत साठते. रक्तातला चुना वाढतो, तहान, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ सुरू होते, मुतखडा होतो, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

ग्रामपंचायतीने आशाताईंना सांगून हे घरोघर कळवावे. पुडीवर वार लिहून द्यावा. बाजाराचा वार ठरवला तर निरक्षर म्हातारीच्याही ध्यानात राहील.