पाप पचते काय?

'स्टार ट्रेक' ही अंतराळातील साहसांची मालिका आपल्यापैकी पुष्कळांनी १९८०च्या दशकात दूरदर्शनवर पाहिली असेल. तिच्याच कुळातील 'डीप स्पेस नाइन' ही मालिका अमेरिकेत १९९३ ते १९९९ या काळात सात पर्वे चालली. तिच्या सहाव्या पर्वातील एकोणिसावा भाग, 'इन द पेल मूनलाइट', एप्रिल १९९८मध्ये प्रक्षेपित झाला. त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी चाहते त्याला सबंध मालिकेच्या मुकुटमण्याचा मान देतात. हा मान अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. कथा घट्ट विणलेली आहे आणि बेंजामिन सिस्कोच्या भूमिकेत एव्हरी ब्रूक्स यांनी, तर गॅरकच्या भूमिकेत अँड्र्यू रॉबिन्सन यांनी फार वरच्या दर्जाचा अभिनय केला आहे. माझे भांडण कलाकृतीशी नाही. ती पाहून उठलेल्या प्रेक्षकांपैकी फार मोठ्या वर्गाने जो निकाल दिला, त्या निकालाशी आहे.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. सिस्को हा एका अंतराळस्थानकाचा प्रमुख. त्याचे राष्ट्रसंघ क्लिंगॉन लोकांच्या साथीने डोमिनियन आणि कार्डेशियन यांच्या युतीशी लढते आहे आणि हरते आहे. दर शुक्रवारी तो मृत व बेपत्ता सैनिकांची यादी लावतो. सहकारी त्या यादीत आपल्या मित्रांची नावे शोधतात. तिसरी महासत्ता, म्हणजे रोम्युलन साम्राज्य, शत्रूशी अनाक्रमणाचा करार करून तटस्थ बसली आहे. तिला युद्धात ओढायचे असा निश्चय करून सिस्को गॅरककडे जातो. गॅरक हा वरकरणी शिंपी, पण पूर्वाश्रमीचा कार्डेशियन गुप्तहेर. डोमिनियन रोम्युलनांवर हल्ला करणार असल्याचा खरा पुरावा मिळत नाही. गॅरकने ज्यांच्याशी संधान बांधले, ते सारे दिवसभरात मारले गेल्याचे तो सांगतो. तेव्हा पुरावा बनवायचे ठरते.

येथून उतरण सुरू होते. बनावट ध्वनिचित्रफीत तयार करण्यासाठी टोलार नावाच्या गुन्हेगाराला तुरुंगातून सोडवावे लागते. तो दारूच्या नशेत क्वार्क या मद्यालय-मालकावर सुरा चालवतो, म्हणून क्वार्कने तक्रार करू नये यासाठी लाच द्यावी लागते. क्वार्क ती आनंदाने घेतो, आणि आपल्या जमातीच्या व्यापारसंहितेतला ९८वा नियम, म्हणजे माणूस कोणीही असो, त्याची किंमत ठरलेली असते हा नियम, सिस्कोलाही लागू पडला याचे समाधान मानतो. फीत ज्या अस्सल कार्डेशियन दांडीवर मुद्रित करायची, तिच्या मोबदल्यात जैविक शस्त्रास्त्रांसाठी वापरता येईल असे घातक द्रव्य द्यावे लागते. डॉक्टर बशीर लेखी आदेश मागतो, निषेध नोंदवतो. पण द्रव्य जाते. शेवटी रोम्युलन सिनेटर व्रीनॅक गुप्तपणे येतो, फीत तपासतो, आणि ती खोटी असल्याचे तोंडावर फेकून निघून जातो. वाटेत त्याचे यान स्फोटात नष्ट होते. तो स्फोट गॅरकने घडवलेला असतो. टोलारचाही काटा त्याने काढलेला असतो. रोम्युलनांना अवशेषांत ती दांडी सापडते, फितीतील दोष स्फोटामुळे आले असे ते मानतात, आणि डोमिनियनवर युद्ध पुकारतात.

ही सारी हकिगत सिस्को आपल्या खासगी रोजनिशीत, थेट आपल्याकडे पाहत, सांगतो. आपण खोटे बोललो, लाच दिली, हत्येत सहभागी झालो, हे तो मोजून मोजून उच्चारतो. मग म्हणतो की हे सारे आपल्याला पचेल. एकदा म्हणून त्याचे भागत नाही, तो पुन्हा म्हणतो. आणि शेवटी संगणकाला ती संपूर्ण नोंद पुसून टाकण्याची आज्ञा करतो.

आता प्रेक्षकांच्या मतांकडे वळू.

पहिले आणि सर्वांत लोकप्रिय मत हिशेबाचे आहे. एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान एवढ्या किमतीत अब्जावधी जीव वाचले. सौदा स्वस्तात पडला. हा हिशेब मुळात गॅरकचा आहे. सिस्को त्याला ठोसे लगावत असताना तो हे गणित मांडतो, आणि प्रेक्षक ते जसेच्या तसे उचलतात. खलबते करणाऱ्या हेराचे वकीलपत्र आपण घेतले आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

पण हा हिशेब हिशेब म्हणूनही खोटा आहे. त्यात रोम्युलन सैनिक कोठे आहेत? फसवणुकीने ज्यांना रणात लोटले, ज्यांच्या मुलांनी आणि बापांनी एका बनावट फितीवर विश्वास ठेवून प्राण दिले, त्यांची नावे सिस्कोच्या शुक्रवारच्या यादीत कधीच येणार नाहीत. यादी आपल्या माणसांची होती, म्हणून काळीज हलले. परक्यांची यादी लांबली, तर तिला विजय म्हणायचे! त्या घातक द्रव्याचे पुढे काय झाले, ते कोणाच्या हाती पडले, कोणावर वापरले गेले? या हिशेबात तो रकानाच नाही. मोजणाऱ्याने ज्यांना मोजले नाही, त्यांच्या जिवावर हा सौदा स्वस्त ठरला आहे.

आपल्याला हा हिशेब नवा नाही. प्रजेसाठी एका माणसाने मरावे हे हिताचे, असा सल्ला प्रमुख याजक कयफाने न्यायसभेला दिल्याचे योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आपण वाचतो. कयफाचा आकडाही चोख होता. दर पवित्र सप्ताहात ज्याचा सल्ला ऐकून आपण शहारतो, त्याच्याच सल्ल्याला दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर टाळ्या वाजवायच्या, हे कसे?

कोणी म्हणेल, परंतु युक्ती यशस्वी झाली ना? रोम्युलन आले म्हणूनच पुढे युद्ध जिंकले. होय, कथेत जिंकले; कारण कथेचा शेवट लेखकाच्या हाती असतो. प्रत्यक्ष आयुष्यात कोणत्याही असत्याला परिणामांची हमी मिळत नाही. जी गोष्ट लेखकाच्या लेखणीने घडवून आणली, ती नीतीचा पुरावा म्हणून सादर करता येत नाही. वाईट करावे म्हणजे चांगले निष्पन्न होईल, हा विचार संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात झिडकारला आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ साली 'व्हेरितातिस स्प्लेंदोर' या परिपत्रकात हेच विस्ताराने मांडले: काही कृत्ये स्वभावतःच दुष्ट असतात, हेतू किंवा परिणाम त्यांना धुऊन काढू शकत नाहीत.

दुसरे मत असे की, हा भाग 'प्रौढ' आहे. आधीची स्वप्नाळू, आदर्शवादी मालिका येथे वयात आली. युद्धात हात मळतातच, हे तिने एकदाचे कबूल केले. या 'प्रौढ' शब्दाचा मला राग येतो. प्रामाणिकपणा पोरकट आणि कपट प्रौढ, ही वाटणी कोणी केली? सबंध भागात प्रौढासारखा वागणारा माणूस बशीर आहे. तो वरिष्ठांचा आदेश मोडत नाही, पण तो लेखी मागतो, म्हणजे जबाबदारी जेथील तेथे राहते. आणि निषेध नोंदवतो, म्हणजे पुसून टाकता येणार नाही असा कागद मागे ठेवतो. प्रेक्षकांच्या चर्चेत त्याला मात्र एक-दोन वाक्यांपलीकडे जागा मिळत नाही. आणि व्रीनॅक? तो सज्जन नव्हता. शत्रूशी करार करविणाऱ्यांपैकी तो एक होता. तरीही त्या खोलीत त्या क्षणी खरे बोलणारा तो एकटाच होता. त्याचे ते खरे बोल चाहत्यांनी आज थट्टेचा विषय करून ठेवले आहेत. खरे बोलणारा मारला गेला आणि त्याचे शेवटचे सत्य विनोद म्हणून उरले, यातच प्रेक्षकवर्गाची मनोवृत्ती पुरेशी उघडी पडते.

तिसरे मत याच्या अगदी उलट आहे. मूळ मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी १९९१मध्ये वारले. ते हयात असते तर असा भाग झालाच नसता, हा त्यांच्या स्वप्नाचा विश्वासघात आहे, नायकाला असे चिखलात लोळवायला नको होते, असे काही निष्ठावंत म्हणतात. या मंडळींविषयी मला आपुलकी आहे, पण त्यांचेही मत मला मान्य नाही. नायकाचे पतन दाखवणे हे पाप नव्हे. पवित्र शास्त्राने दावीद राजाचे पतन झाकले नाही. उरियाच्या मृत्यूचा आदेश असलेले पत्र राजाने उरियाच्याच हाती दिले, हे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. आपल्या भूमीतील महाभारतानेही धर्मराजाचे ते अर्धसत्य लपवले नाही. अश्वत्थामा मेला असे सांगून त्याने गुरूला शस्त्र टाकायला लावले, तेव्हा जमिनीवरून चार बोटे अधांतरी चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आणि शेवटी त्याला नरकाचे दर्शनही घ्यावे लागले. युद्ध त्यानेही जिंकले होते, आणि पक्षही त्याचाच न्याय्य होता. पण व्यासांनी रथ पुन्हा वर उचलला नाही.

दाविदाच्या कथेत पुढे नाथान संदेष्टा येतो. तो गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजा संतापतो, आणि तो माणूस तूच, असे नाथान राजाला सुनावतो. सिस्कोच्या कथेत मात्र नाथान येत नाही. त्याच्या वरिष्ठांनी योजनेला मान्यता दिलेली आहे, त्याचे सहकारी अनभिज्ञ आहेत, आणि संगणक फक्त आज्ञा पाळतो. लेखकांनी ती जागा रिकामी ठेवली आहे. सिस्को पडद्यातून आपल्याकडे पाहून बोलतो, तो याचसाठी. ती जागा प्रेक्षकाची होती. त्याने नाथान व्हावे अशी अपेक्षा होती. तो राजाचा भाट झाला.

पुष्कळ चाहते सिस्कोच्या त्या निवेदनाला 'कबुलीजबाब' म्हणतात. धर्मगुरू म्हणून या शब्दाविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. पापनिवेदनात पाप उच्चारणे ही सुरुवात असते. पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, आणि ज्याचे नुकसान केले त्याची शक्य तेवढी भरपाई, हे सारे त्यात येते. सिस्को पापे अचूक उच्चारतो, आणि वर सांगतो की पुन्हा प्रसंग आला तर हेच करीन. नंतर तो साक्ष पुसतो. ज्याला पाप खरोखर पचले आहे, तो ते पचल्याचे दोन-दोनदा सांगत नाही आणि नोंदही पुसत नाही. नायकाच्या आवाजातली ती धडपड ब्रूक्स यांनी स्पष्ट ऐकवली आहे. चांगल्या हेतूंनीच नरकाची वाट बांधली जाते, असे आपले वडील सांगत, हेही सिस्कोला आठवते. एवढे सारे कानांवर पडूनही प्रेक्षकाने त्याला विनाप्रायश्चित्त दोषमुक्ती द्यावी, ही दया नव्हे. ही बेफिकिरी आहे.

चौथे मत सोयीचे आहे: ही केवळ गोष्ट, तिचे एवढे काय मनावर घ्यायचे? उत्तरादाखल मी दोन तारखा सांगतो. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीच्या सीमेवरील ग्लायविट्झ येथील आकाशवाणी केंद्रावर नाझींनी स्वतःच बनावट हल्ला घडवून त्याचा आळ पोलंडवर घेतला, आणि दुसऱ्या दिवशी महायुद्ध पेटले. ७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले की, इराकने नायजर देशातून युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याची कागदपत्रे अस्सल नाहीत. कागद खोटे आहेत, हे जगासमोर सांगितले गेले, तरी दोन आठवडे उलटण्यापूर्वीच युद्ध सुरू झाले. त्याच महिन्यात पोप दुसऱ्या जॉन पॉल यांचे दूत कार्डिनल पिओ लागी युद्ध टाळण्याची विनंती घेऊन वॉशिंग्टनला जाऊन आले होते. त्यांचेही कोणी ऐकले नाही. राज्यकर्ते खोटा पुरावा पुढे करतात, तेव्हा तो पचवून घेणारी जनता आधी तयार झालेली असावी लागते. तिची तयारी ग्रंथांतून कमी आणि करमणुकीतून अधिक होते. 'आपला' माणूस खोटे बोलला तर ते डावपेच, आणि 'त्यांचा' बोलला तर ते पाप, हा धडा दिवाणखान्यात गिरवला की मतपेटीपाशी तोच आठवतो.

या भागाचे शीर्षक १९८९ सालच्या 'बॅटमॅन' चित्रपटातील, फिकट चांदण्यात सैतानाबरोबर नाचण्याविषयीच्या संवादावरून घेतले आहे. लेखकांना आपण काय दाखवत आहोत, हे चांगले ठाऊक होते. नाच पाहून ठेका धरणाऱ्यांना मात्र जोडीदार कोण आहे, ते दिसले नाही.

तेव्हा वाचकहो, हा भाग मुलांपासून लपवा असे मी सांगणार नाही. उलट घरातील तरुणांसोबत बसून तो अवश्य पाहा. संपल्यावर लगेच दूरचित्रवाणी बंद करा आणि त्यांना एवढेच विचारा: त्या फितीवर विश्वास ठेवून मेलेल्या रोम्युलन सैनिकाच्या आईला सिस्को काय सांगेल? गॅरकच्या हिशेबात तिचे नाव नाही. मुलांनी आपल्या हिशेबात ते घातले, तर त्यांचे उत्तर काय येते ते ऐका. ज्यांना माझे म्हणणे पटणार नाही, त्यांनी सविस्तर प्रतिवाद लिहावा. मात्र त्या आईला उत्तर देऊन मगच लिहावा.