खोडकर लेकरे आणि मोठ्यांची सवड

दिवाळी सरली की अंजनगाव सुर्जीच्या पंचक्रोशीतील शेतकऱ्यांच्या घरी कापूस येऊ लागतो. भाव मनासारखा नसला तर तो घरातच साठविला जातो. आधी मागची खोली भरते, मग सदर, आणि तीही पुरली नाही तर माणसांच्या निजण्याची जागा त्याला मोकळी करून द्यावी लागते. 2021-22 च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. पुढल्या वर्षीही तसाच भाव येईल या आशेने विदर्भातील कितीतरी घरांत कापूस महिनोन्‌महिने पडून राहिला आणि घरातल्या माणसांच्या अंगाला खाज सुटण्याची पाळी आली. मोठ्यांच्या लेखी हा ढीग म्हणजे वर्षाची मिळकत, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, कदाचित एखादे लग्न. पाच वर्षांच्या मुलाच्या लेखी ती उडी मारण्याची जागा असते. उडी पडते, कापूस विस्कटतो, त्यात पायाची धूळ मिसळते. वडील ओरडतात, आई धपाटा घालते, आजी मध्ये पडते आणि आजीच्या पदराआडून मूल पुन्हा त्या ढिगाकडेच पाहत राहते.

या प्रसंगात चूक कोणाची, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. मळलेल्या कापसाचा भाव व्यापारी कमी करतो, हे बापाला ठाऊक आहे. पांढऱ्या, मऊ, डोंगराएवढ्या ढिगावर उडी मारू नये असे वाटणारे मूल जगात नाही, हे आजीला ठाऊक आहे. दोघांचेही खरे आहे. घरोघरी हेच चालते. फक्त ढीग वेगळा असतो. शिक्षकाच्या घरी तपासण्यासाठी आणलेल्या उत्तरपत्रिकांवर निळ्या शाईची नदी वाहते, तर कारकुनाच्या घरी चष्म्याची काडी नेमकी कचेरीच्या वेळेला सापडत नाही.

मराठी भाषेने या वयाविषयी विलक्षण सहिष्णुता दाखविली आहे. खोडकर, द्वाड, वांड, व्रात्य, उपद्व्यापी, असे किती शब्द. आणि त्यांतील बहुतेक शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर राग आणि कौतुक एकाच वेळी उमटते. वऱ्हाडात तर ‘पोट्टं कुटी गेलं’ या प्रश्नात तक्रार किती आणि माया किती, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही कळावयाचे नाही. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. लोकांच्या घरात खुशाल शिरावे, भांड्यांवरची झाकणे उचलून पाहावीत, हवे ते खावे, मुलांत मूल होऊन खेळावे, असे त्यांचे वर्तन त्यांच्या लीळांत नोंदलेले आहे. गावातील बायांनी ते कधी वैतागून, बहुधा मायेने सोसले, आणि महानुभावांनी त्यांना परमेश्वरावतार मानले. ज्या प्रदेशाने बालवृत्तीचा एवढा सन्मान केला, त्या प्रदेशातील सामान्य घरात बालकाच्या वाट्याला मात्र पहिली प्रतिक्रिया म्हणून धपाटाच यावा, हा विरोधाभास अर्थात एकट्या वऱ्हाडाचा नव्हे. लोणी चोरणाऱ्या कृष्णाची पूजा अवघा देश करतो आणि साखरेचा डबा सांडणाऱ्या पोराचा कान अवघा देश पिळतो.

वास्तविक खोडी म्हणजे काय, याचा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरात बालमंदिर सुरू केले. त्यांना येऊन मिळालेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे कार्य उभे केले, ते महाराष्ट्राला परिचित आहे. या ताराबाईंच्या संसाराची काही वर्षे अमरावतीत गेली होती, हे मात्र वऱ्हाडातही फारसे कोणाच्या स्मरणात नाही. मूल वस्तू पाडते, उघडते, तोडते, ओतते, ते मोठ्यांना त्रास द्यावा म्हणून नव्हे. हात आणि डोळे यांनी जग समजून घेण्याचा त्याच्यापाशी दुसरा मार्ग नसतो, ही या मंडळींची मूळ दृष्टी. पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याची जी कृती घरात खोडी ठरते, तीच बालमंदिरात पाठ ठरते. फरक मुलात नाही. जागा, साधने आणि सवड असलेले मोठे माणूस, एवढाच काय तो फरक.

सवडीचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. खोड्या काढावयास मिळणे ही बहुजनांच्या मुलांसाठी फार जुनी चैन नाही. अंजनगाव तालुक्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, वडील गेल्यानंतर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढले आणि हाती पाटी येण्याऐवजी गुरे राखू लागले. त्या काळच्या असंख्य मुलांचे बालपण हे असेच गुरांमागे संपत असे. एक वेळ ताटावाचून जेवा, पण पोराला शाळेत घाला, असे बाबा कीर्तनातून आयुष्यभर विनवीत राहिले, त्यामागे हे स्वतः भोगलेले होते. तेव्हा आजची नातवंडे फार मस्तीखोर झाली आहेत अशी कुरकुर जेव्हा ऐकू येते, तेव्हा आजोबांच्या बालपणी मस्तीला वेळच नव्हता, याचेही भान ठेवावे लागते.

आता मारण्याविषयी. शिक्षण हक्क कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई केली. छडी लागल्यावाचून विद्या येत नाही असे मानणाऱ्या पिढीला हा कायदा पचविणे जड गेले, काहींना अजूनही जड जाते; तथापि शाळेतील छडी पुष्कळ अंशी खाली आली हे मान्य करावे लागेल. परंतु कायदा शाळेच्या फाटकापाशी थांबला. जो शिक्षक वर्गात चाळीस मुलांसमोर स्वतःचा हात आवरतो, तोच घरी स्वतःच्या एकट्या मुलावर तो उगारतो आणि या दोन कृतींत विसंगती आहे असे त्याला वाटतही नाही. मुलांवरील गंभीर क्रौर्य हा 2015 च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे. साधी चापटी मात्र अद्याप आई-बापांचा हक्क समजली जाते. स्वीडनने 1979 साली घरातही मुलाला मारण्यास बंदी घातली. त्यानंतर साठांहून अधिक देशांनी तोच मार्ग धरला आणि 2018 साली आपला शेजारी नेपाळही त्यांत सामील झाला. भारतात असा कायदा उद्या आला, तरी अंजनगावच्या एखाद्या गल्लीत पोलीस येऊन धपाटे मोजणार नाहीत, हे उघड आहे. स्वीडनमध्येही कायद्याचा मुख्य हेतू तुरुंग भरणे हा नव्हता. मारणे ही शिस्तीची रीत नव्हे, हे समाजाने एकदा स्पष्ट बोलून टाकावे, एवढाच होता.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. प्रश्न विचारणारा बहुधा सज्जन आणि कर्तबगार असतो. पण तो माराने सज्जन झाला की माराला न जुमानता झाला, हे तो कोठे तपासतो? मार खाल्लेल्या मुलाने खोडी सोडल्याचे उदाहरण क्वचितच दिसते. खोडी लपवून करण्याचे कसब मात्र ते लवकर शिकते. खेरीज घरातील मार बहुतेक वेळा अपराधाच्या प्रमाणात नसून मारणाऱ्याच्या थकव्याच्या प्रमाणात असतो. कापसाला भाव मिळाला त्या दिवशी ढिगावरची उडी गंमत ठरते आणि बाजार पडला त्या दिवशी तीच उडी अपराध ठरते. यातून मूल न्याय शिकत नाही, बापाचा चेहरा वाचावयास शिकते.

मारणे कमी झालेल्या घरांत त्याच्या जागी काय आले, हे पाहिले तर समाधान वाटत नाही. चापटीची जागा मोबाईलने घेतली आहे. मूल रडले, दे मोबाईल. जेवत नाही, दे मोबाईल. पाहुणे आले, दे मोबाईल. घर शांत होते, एवढे खरे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि त्यापुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाकाठी तासाभराहून अधिक दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले. हा सल्ला ऐकून घरातील आईला दोषी ठरविणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ते चुकीचे आहे. पहाटे उठून स्वयंपाक, मग वावरात निंदणीला किंवा कपाशी वेचायला जाणे, किंवा शाळेची, कचेरीची नोकरी, परतल्यावर पुन्हा चूल. या धबडग्यात खोडकर मुलाला रिझविणे हेही तिच्याच खाती लिहिलेले असते. पूर्वी एकत्र कुटुंबात मुलाच्या खोड्या आठ-दहा माणसांत वाटल्या जात. आजी, काकू, शेजारीण, ढेलजेत बसलेला म्हातारा. आज दोन भाड्याच्या खोल्यांत त्या सगळ्या एका बाईवर येऊन आदळतात. बाप घरी असतो तेव्हाही बव्हंशी न्यायाधीश म्हणून असतो. ‘बाबा आल्यावर सांगते’ ही धमकी ज्या घरात चालते, त्या घरातील बाबांनी आपले संसारातील स्थान एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

मोठ्यांनी कठोर व्हावयाचेच असेल तर त्यासाठी वेगळी जागा आहे, आणि वऱ्हाडात ती फार निकडीची आहे. कपाशीच्या मुलखात फवारणीचे विष घराघरांत असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा त्या विषाची दाहकता साऱ्या देशाला कळली. परंतु तोच डबा घरात कोठे ठेवलेला असतो? पलंगाखाली, फडताळात, कधी धान्याच्या कोठीशेजारी. उरलेले विष शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवण्याची सवयही सर्रास आढळते. त्याहून वाईट म्हणजे त्याचे बोलण्यातले नाव. त्याला आपल्याकडे ‘औषध’ म्हणतात! खोकला आला की ज्या शब्दाने मुलाच्या तोंडात गोड चमचा घातला जातो, त्याच शब्दाने कोनाड्यातले विष ओळखले जाते. डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते आणि तिचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर विष अतिजहाल समजावे असा नियम आहे. पण ती खूण मुलाला वाचता येत नाही आणि पुष्कळ मोठ्यांनाही तिचा अर्थ ठाऊक नसतो. बिहारच्या सारण जिल्ह्यात 16 जुलै 2013 रोजी शाळेतील माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले मृत्यू पावली, ती मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाने दूषित झालेल्या तेलामुळे. त्या मुलांनी तर खोडीही केली नव्हती.

दुसरा धोका उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, दुपारी बारानंतर मुलांना कोंडून ठेवावे लागते आणि पत्र्याचा कूलर दिवसभर घरघरत असतो. त्याच्या टाकीत पाणी, शेजारी विजेची तार, आणि त्या थंड झुळुकीपाशी हात लावावयास आतुर झालेले मूल. कूलरचा धक्का लागून लेकरू गेल्याची बातमी विदर्भातील वृत्तपत्रांत दर उन्हाळ्यात येते. अर्थिंग तपासून घेणे, पाणी भरताना बटन नव्हे तर प्लगच काढणे, गळती होताच वीज तोडणारे यंत्र बसविणे, एवढ्याने हे मृत्यू टळण्यासारखे आहेत. त्याचा खर्च मुलाच्या एका वाढदिवसाच्या खर्चाहून फारसा अधिक नाही. मुलाला ‘हात लावू नको’ म्हणून शंभरदा बजावणारे घर तारेवरची फाटकी पट्टी मात्र तीन-तीन वर्षे बदलत नाही. मग अपघात घडला की ‘पोट्टं लई वांड होतं’ असे म्हणून दोष गेलेल्या मुलावरच टाकला जातो. हे बोलणे निर्दय आहे. तीन वर्षांच्या मुलाने जपून वागावे ही अपेक्षाच असंबद्ध आहे. जपणे हे मोठ्यांचे काम. विषासाठी घराबाहेर, हाताला न येणाऱ्या उंचीवर कुलपाची पेटी ठेवावी, रिकामा डबा धुऊन पुन्हा वापरू नये, आणि दुर्दैवाने मुलाने काही प्यायलेच तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मूल आणि डबा दोन्ही दवाखान्यात न्यावेत. ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि शाळेतील गुरुजी यांनी फवारणीच्या हंगामापूर्वी एवढे जरी घरोघर सांगितले, तरी पुष्कळ साधेल. दुकानदारानेही डबा विकताना ‘औषध’ न म्हणता ‘विष’ म्हणावयास काय हरकत आहे?

मुलांना घराबाहेर खोड्या काढावयास जागा हवी, ही नगरपरिषदेची बाब. अंजनगावात रस्त्यावर वाहने वाढली आणि घराच्या दारात अंगणाऐवजी मोटारसायकली उभ्या राहिल्या. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर धावणारी ‘शकुंतला’ ही लहान गाडी, जिचे डुलत डुलत येणे पाहावयास एके काळी पोरे स्टेशनावर धावत, तीही बंद पडली. सावलीची झाडे, वाळूचा खड्डा आणि दोन झोपाळे असलेले एखादे मैदान प्रत्येक वस्तीत राखून ठेवणे अशक्य नाही. अंदाजपत्रकात पुतळे आणि प्रवेशद्वारे यांना जागा मिळते, तेथे झोपाळ्यालाही मिळू शकेल.

घरातल्या घरात करण्यासारखे मात्र कोणाच्या मंजुरीवाचून होते. जिनिंगची गाडी येऊन कापूस घेऊन जाण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी बापाने मुलाचे पाय धुवावेत, ढिगाच्या कडेला जुनी सतरंजी अंथरावी आणि त्याला म्हणावे, ‘हं, मार आता उडी.’ चार-पाच उड्यांनी कापूस काही मळत नाही. आणि पहिल्या दोन उड्यांनंतर, आजूबाजूला कोणी पाहत नसेल तर, बापालाही एक मारून पाहण्याचा मोह होईल.