मुदत द्यायची तर पुरती द्या

व्याज हराम, म्हणून हप्ते बुडवले तरी चालतात, असं आपल्यातले काही जण सांगतात. साफ चूक! ऐपत असून देणं लांबवणं हा हदीसप्रमाणे जुलूमच.

पण बँकांनीही ऐकावं. सूरह बकराची २८०वी आयत अडचणीतल्या कर्जदाराला हात सैल होईपर्यंत मुदत द्यायला सांगते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. रिझर्व्ह बँकेची हप्त्यांची सवलत ऑगस्टअखेर संपली, व्याज मात्र चालूच राहिलं. व्याजावरचं व्याज तेवढं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१मध्ये रोखलं. नवी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात. मग ही मुदत कुणाच्या कामाची? वाडी पुन्हा उभी राहीपर्यंत वसुली आणि व्याज, दोन्ही थांबवा. मुद्दल आपण पै न् पै फेडायचंच आहे.