पाणी वाचवा, पण आधी मोजा

पाणी वाचवण्याबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिला सल्ला ठरलेला: दात घासताना नळ बंद ठेवा. सल्ला बरोबरच आहे हो, पण तो घरातल्या प्रत्येकानं रोज अर्धवट झोपेत पाळायचा असतो! जे काम लक्षात राहण्यावर अवलंबून आहे ते कधीतरी चुकणारच, हे सॉफ्टवेअरवाल्यांना चांगलंच ठाऊक असतं. म्हणून माझं मत असं, की आधी एकदाच करायची कामं उरकावीत. सवयींचं नंतर बघू.

सुरुवात मोजण्यापासून. नळाखाली बादली ठेवा आणि मोबाईलवर १ मिनिट लावा. चांगलं प्रेशर असेल तर १० लिटर सहज भरतं. आता नळाच्या तोंडाला एरेटर नावाची छोटी जाळी बसवा. पाण्यात हवा मिसळते, धार भरीव वाटते आणि पाणी निम्म्याहून कमी लागतं. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगलोरच्या पाणी मंडळानं हे एरेटर सक्तीचे केले होते. आपण टंचाईची वाट कशाला बघायची?

दुसरा नंबर फ्लशचा. जुनी टाकी एका वेळी १० लिटरच्या आसपास पाणी ओतते. १ लिटरची बाटली भरून, बूच घट्ट लावून, आतल्या फ्लोटला अडणार नाही अशी टाकीत ठेवा. चार माणसं, प्रत्येकी ५ वेळा, म्हणजे दिवसाला २० लिटर वाचले. टाकी गुपचूप गळतेय का हे बघायचं असेल तर त्यात खाण्याचा रंग टाका. पंधरा मिनिटांत, फ्लश न करता, रंग खाली भांड्यात उतरला तर वॉशर बदला. गळक्या नळाचंही तेच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण २० लिटर, म्हणजे एक बादली.

आरओ असेल तर १ लिटर शुद्ध पाण्यामागे २-३ लिटर सहज मोरीत जातं. ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते पाणी उत्तम. झाडांना मात्र रोज नको, त्यात क्षार जास्त असतात.

आणि आता आपला खास मराठी प्रकार: 'शिळं' पाणी. सकाळी नळ आला की कालचा हंडा ओतून द्यायचा! मंडळी, पुण्यात मे महिन्यात येणारं 'ताजं' पाणी खडकवासला, पानशेतच्या धरणांत गेल्या पावसाळ्यापासून साठलेलं असतं. मग झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत शिळं कसं होतं?

यावर हमखास येणारा प्रश्न: सगळं पाणी उसाला जातं, माझ्या बादलीनं काय फरक पडणार? शेतीला खूप जास्त पाणी लागतं हे खरंच. पण सोसायटीत येणारा टँकर उसाला जात नाही, आणि आटणारी बोअरवेल आपल्याच आवारातली असते. खरी गोची वेगळी आहे. बहुतेक सोसायट्यांमध्ये पाण्याचा खर्च मेंटेनन्समध्ये सरसकट वाटला जातो. दोनशे लिटर वापरणारा आणि हजार लिटर वापरणारा, दोघांना बिल सारखंच. विजेचा असा हिशोब आपण एक महिना तरी चालवून घेतला असता का?

तेव्हा एरेटर या वीकेंडला बसवा. आणि पुढच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडून झालं, की प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर हा विषय जरूर काढा.