नक्कल कुणी करायची?

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी मोठ्या गटातल्या मुलांनी एक प्रहसन लिहिलं आहे, हे एव्हाना सगळ्या पालकांच्या कानावर गेलंच असेल. ते करू द्यावं की नाही यावरून गेले दोन शनिवार चहाच्या टेबलाशी जो वाद चालला आहे, तोही गेला असेल. आम्ही त्यात दोन्ही बाजूंनी बोललो. पहिल्या शनिवारी विरोधात, दुसऱ्या शनिवारी बाजूने. तेव्हा खुलासा करणं भाग आहे.

प्रहसनात एक बाबा आहेत. ते दुकानात प्रत्येक वस्तूच्या किमतीचे रुपये करून पाहतात, आणि मुलगी "मला नाटक शिकायचंय" म्हणाली की फळ्यावर चौकोन आणि बाण काढून दाखवतात की या बाणाने गेलीस तर पगार लागत नाही. हे बाबा कोण, हे ओळखायला फार बुद्धी लागत नाही. आमच्याच कन्येने लिहिलं आहे ते. दोन आया आहेत, त्यांची कॉरिडॉरमध्ये इलेव्हन प्लसच्या मार्कांवरून जुगलबंदी चालते. आणि भारतातून आलेले एक आजोबा आहेत, जे डॉक्टरांना आपल्या इंग्रजीत पोटाची तक्रार सांगतात. मुख्य आक्षेप या आजोबांना आहे. "आमच्या वडिलांच्या इंग्रजीला हसायला आम्ही मुलांना इथे पाठवतो का?" असं एका ताईंनी विचारलं. कुणाकडेच उत्तर नव्हतं.

प्रश्न खराच आहे, कारण आपल्या बोलण्याची नक्कल करणं हा या देशात एके काळी चालता धंदा होता. १९६० साली पीटर सेलर्सने तोंडाला रंग फासून हिंदी डॉक्टर केला आणि सोफिया लॉरेनबरोबर 'गुडनेस ग्रेशस मी' हे गाणं गायलं. १९७४ ते १९८१ या काळात बी.बी.सी.वर 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची मालिका चालली. तिची सुरुवातीची गोष्ट घडते कुठे, तर आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत! त्यातला रंगी राम रंगवला होता मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने. बेट्सचा जन्म झाशीचा, त्याला हिंदुस्थानी उत्तम येत असे, म्हणजे माणूस अडाणी नव्हता. तरी चेहरा रंगवलेलाच.

मग १९९६ साली रेडिओ फोरवर आणि १९९८ पासून बी.बी.सी. टूवर चार जण आले: संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि आपल्या मुंबईत जन्मलेली नीना वाडिया. कार्यक्रमाला त्यांनी सेलर्सच्या गाण्याचंच नाव दिलं. 'पीटर सेलर्स इज डेड' असं नाव देण्याचा विचार होता म्हणे, पण सेलर्स त्यांना आवडायचा, म्हणून सोडून दिला.

आम्ही इंजिनिअर, त्यामुळे आमचं लक्ष भास्करच्या बायोडेटाकडे आधी गेलं. आईवडिलांची हाउन्स्लोला लाँड्री. मुलाने हॅटफील्डला मार्केटिंगची पदवी घेतली आणि आय.बी.एम.मध्ये नोकरी केली. इथपर्यंत आमच्या फळ्यावरचे सगळे बाण बरोबर आहेत. त्यानंतर हा गृहस्थ नितीन सोहनीबरोबर 'द सीक्रेट एशियन्स' नावाने छोट्या रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करू लागला. निर्माते अनिल गुप्ता यांनी त्यांना हेरलं. रेडिओवर कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भास्करने तिशी ओलांडली होती. पुढे 'द कुमार्स ॲट नंबर ४२', त्याला २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोन वर्षं आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिकं. २००६ साली ओ.बी.ई. २००९ साली ससेक्स विद्यापीठाचं कुलपतिपद. आणि २०१५ पासून 'अनफर्गॉटन'मधला शांत, थकलेला पोलीस अधिकारी सनी खान, जो सहसा विनोद करतच नाही आणि तरी नजर त्याच्यावरून हलत नाही.

भास्कर आणि मंडळींनी आपला उच्चार टाळला का? मुळीच नाही. जवळजवळ सेलर्सचाच उच्चार वापरला. फरक असा की बोलणाऱ्याला ते घर आतून माहीत होतं. जगातली प्रत्येक गोष्ट मूळची भारतातलीच, असं ठासून सांगणारे भास्करचे काका पाहताना आम्हाला आमचे सख्खे काका दिसले. हॉटेलातलं काहीही "मी घरी फुकटात करते" म्हणणारी वाडियाची बाई तर आपल्या प्रत्येक सहलीत असते. आणि मुंबईतल्या इंग्रजी हॉटेलात शिरून सगळ्यात मिळमिळीत पदार्थ मागवणारं ते टोळकं! त्यात आपला उच्चार आहे, पण हसं होतं ते शुक्रवारी रात्री इथल्या करी हाउसमध्ये दंगा करणाऱ्यांचं. पु.लं.नी बटाट्याच्या चाळीतल्या माणसांना ज्या हक्काने हसवलं, तो हक्क आतल्या माणसाचाच होता.

हे डोक्यात घेऊन आम्ही मुलांची संहिता शेवटपर्यंत वाचली. पहिल्या शनिवारी आम्ही ती वाचली नव्हती, फक्त ऐकीव माहितीवर बोललो, ही आमची चूक. आजोबा इंग्रजीचा नाद सोडून मराठीत सांगतात, "पोटात गोळा येतो." नातू डॉक्टरांना सांगतो की आजोबांनी बॉल गिळला. डॉक्टर एक्स-रे काढायला पाठवतात! म्हणजे फजिती होते ती मराठी कच्चं असलेल्या नातवाची. मुलं स्वतःलाच हसताहेत.

त्याआधीच्या सहा-सात ओळी मात्र निव्वळ उच्चाराच्या आहेत. आजोबा 'स्टमक' कसं म्हणतात, एवढाच त्यात विनोद. तो आळशी विनोद आहे, सेलर्सकडून उसना घेतलेला, आणि ताईंचा आक्षेप तिथे शंभर टक्के बरोबर आहे. त्या ओळी काढाव्यात. पण कात्री मुलांच्या हातात द्यावी, कार्यकारिणीच्या नव्हे.

आणखी एक सांगतो. 'माझा आवडता सण' यावर पाच ओळी लिहा म्हटलं की याच मुलांचं डोकं दुखतं. या प्रहसनाची त्यांनी अकरा पानं लिहिली, हाताने, मराठीत. "ओशाळणे की ओशाळवणे?" हे विचारायला आमच्या कन्येने पुण्याला आजीला फोन केला, आपण होऊन. वर्षभरात त्यांनी मनाने लिहिलेलं मराठी एवढंच.

कन्येला नाटक शिकायला पाठवणार का, असं काहींनी हसत हसत विचारलं. एका भास्करमागे नोकरी सोडून पस्तावलेले किती, ते कुणी मोजलेलं नाही, त्यामुळे आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. घरात बोलणं चालू आहे, फळा सध्या पुसून ठेवला आहे.

पुढच्या शनिवारी वर्गानंतर तालीम आहे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी जरूर यावं, त्या ताईंनी तर पहिल्या रांगेत बसावं. आजोबांसाठी माकडटोपी हवी होती, ती आम्ही देतो आहोत. बाबांसाठी चौकड्यांचा स्वेटरही मागितला आहे. तोही आमच्याकडे आहे.